भूकंप कोणाच्या पापाने होतो?



या पाठात आपण २७० वर्षांपूर्वीच्या एका भूकंपाचा विचार करू. पोर्तुगाल देशाची राजधानी लिस्बन. गोव्यावर त्या वेळी याच देशाचे राज्य होते. १ नोव्हेंबर १७५५ हा ख्रिस्ती संतांच्या सणाचा दिवस. सकाळी लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते, मेणबत्त्या तेवत होत्या. तेवढ्यात जमीन हादरली. चर्च कोसळली. जे किनाऱ्याकडे धावले त्यांच्यावर समुद्राची लाट आली. मग आग लागली आणि ती पाच-सहा दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मेली. लोकांना पाखंडी ठरवून छळणाऱ्या धर्मन्यायालयाची इमारतही वाचली नाही.

मालाग्रिदा नावाच्या धर्मगुरूने १७५६ मध्ये पुस्तिका काढून सांगितले की, हा लोकांच्या पापांबद्दल ईश्वराचा कोप आहे, म्हणून प्रायश्चित्त करा. व्हॉल्तेअर या फ्रेंच विचारवंताने विचारले, लिस्बन काय पॅरिस-लंडनपेक्षा जास्त पापी होते? रूसोने आणखी एक गोष्ट दाखवली. सहा-सात मजली घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती, ती माणसांनी बांधली होती.

पोंबाल या मंत्र्याने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली. हादरा किती वेळ टिकला? घरे किती पडली? समुद्र आधी ओसरला की चढला? नवे शहर रुंद रस्त्यांचे झाले आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवला गेला. पोंबालची सत्ता मात्र क्रूर होती. मालाग्रिदाला १७६१ मध्ये जाहीर देहदंड झाला. चुकीच्या मताला उत्तर विचाराने द्यावे, फासाने नव्हे, हे धम्म आपल्याला शिकवतो.

आता आपल्याकडे वळू. तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांना काय सांगितले गेले? मागल्या जन्मी पाप केले म्हणून या जातीत जन्मलात, निमूट सोसा. मालाग्रिदाचे आणि हे बोलणे एकाच जातकुळीचे आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हेच विचारले होते. सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते, हे म्हणणे भगवंतांनी नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूंचा बदल अशी दुःखाची निरनिराळी कारणे त्यांनी सांगितली. संयुत्त निकायात हा संवाद आहे.

कोणी म्हणेल, पापाची भीती चांगल्या कामासाठी घातली तर काय बिघडले? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेच्या विरुद्ध होते, तरी त्यांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. हे विधान आपल्या बाजूचे वाटले तरी आपणही ते स्वीकारू नये. भूकंप जात पाहत नाही. अस्पृश्यता माणसांनी निर्माण केली, ती माणसांनीच मोडली पाहिजे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाताना बाबासाहेब देवाच्या कोपाची वाट पाहत थांबले नव्हते.

म्हणून घरात मूल तापले, पीक बुडाले, भिंत खचली, तर कोणाचे पाप, कोणाची नजर, हे शोधू नका. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आठवा. मुलाला दवाखान्यात न्या. भिंतीचा पाया तपासा. दीक्षेच्या दिवशी आपण देव सोडले; देवाच्या कोपाची भीतीही त्यांच्याबरोबरच गेली पाहिजे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) पोंबालच्या प्रश्नावलीतून जे कळू शकते, ते प्रायश्चित्ताने का कळत नाही?
२) आपल्या घरात अजून कोणत्या दुःखाला 'नशीब' म्हटले जाते? त्याचे खरे कारण काय?

जयभीम! नमो बुद्धाय!