परसातील भाजी व घरातील वाळवण

कृष्णा नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि वाई, कऱ्हाड, सांगली ही गावे मागे टाकीत पुढे जाते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत ह्या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलीमीटरच असतो. कृष्णाकाठच्या काळ्या मळीत वांगी इतकी पिकतात की, त्यांचे नाव दूरवर झाले आहे. पूर्वेकडच्या माळावर मात्र वैशाखात हिरवे पान दिसणेही कठीण होते. म्हणून पाऊस असेल तेव्हा भाजी पिकवावी आणि नसेल त्या दिवसांसाठी ती राखून ठेवावी, ही विद्या इकडच्या घरोघरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ती विद्या कोणती, हे आपण पाहू.

प्रथम परसाकडे चला. परसबागेला मोठी जागा लागत नाही. न्हाणीघराचे आणि भांडी विसळल्याचे पाणी जेथे वाहून जाते, तेथेच तिची सुरुवात होते. पाण्याच्या वाटेवर अळू व केळ लावावी, कारण त्यांना ओल फार आवडते. कुंपणाच्या कडेने घेवडा सोडावा. चार मेढी रोवून मांडव घातला, की दोडका, कारले व दुधी त्यावर आनंदाने चढतात. कोपऱ्यात एक शेवगा लावावा. तो एकदा रुजला, की थोड्या पाण्यावर वर्षानुवर्षे शेंगा देतो. मधल्या मोकळ्या जागेत मेथी, कोथिंबीर व माठ ह्यांचे लहान वाफे करावेत. ह्या पालेभाज्यांच्या वाफ्यांना मात्र साबणाचे पाणी घालू नये.

नवखा माणूस सारे वाफे एकाच दिवशी पेरतो. मग तीन-चार आठवड्यांनी सारी मेथी एकदम तयार होते. निम्मी खाल्ली जाते, निम्मी फुलावर येऊन कडू होते. जाणता माणूस आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरतो. त्याच्या घरी रोज थोडी आणि ताजी भाजी येते. साठवणीचा पहिला धडा हाच आहे, आणि तो स्वयंपाकघरात नव्हे, तर वाफ्यातच शिकावा लागतो.

तरीही पावसाळ्याअखेर भाजीला पूर येतो. गवार, भेंडी, मिरच्या खाऊन संपत नाहीत. ठेवाव्यात तर दोन-तीन दिवसांत सडतात. त्या का सडतात? ताज्या भाजीच्या शंभर भागांपैकी सुमारे नव्वद भाग पाणीच असते. बुरशी आणि सूक्ष्म जंतू ह्यांना जगण्यासाठी पाणी हवे असते, आणि ते त्यांना भाजीत आयते मिळते. ज्या पाण्याने वेल वाढविला, तेच पाणी तोडलेल्या शेंगेचा नाश करते. तेव्हा बागेत पाणी द्यावयाचे आणि साठ्यातून पाणी काढावयाचे, असे हे उलटसुलट काम आहे.

पाणी काढण्याची दोन जुनी साधने आहेत : ऊन आणि मीठ. कोवळी गवार मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून स्वच्छ कापडावर उन्हात पसरतात. उकळत्या पाण्याने शेंगेतील पिकण्या-सडण्याची क्रिया थांबते आणि रंगही बरा राहतो. शेंग कडकन मोडू लागली, की ती वाळली असे समजावे. कोहळा किसून, भरड वाटलेल्या डाळीत कालवून त्याचे सांडगे घालतात. मिरच्या चिरून त्यांत मीठमसाला भरला व त्या वाळविल्या, की सांडगी मिरच्या होतात. मीठ काय करते हे पाहावयाचे असेल, तर काकडीच्या चकत्यांवर चिमूटभर मीठ टाकून थोडा वेळ थांबा. ताटलीत पाणी साचलेले दिसेल. मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते. लोणच्याचे रहस्यही ह्यातच आहे.

वाळवण डब्यात भरले म्हणजे काम संपले असे नाही. आषाढातील दमट हवा झाकणाच्या फटीतून आत शिरते. कोणी घाईने ओला हात बरणीत घातला, तर चार दिवसांत बुरशी धरते आणि साऱ्या उन्हाळ्याचे कष्ट वाया जातात. म्हणूनच आजी बरणीजवळ आलेल्या नातवाला आधी विचारते, “हात कोरडे आहेत ना रे?” तिच्या ह्या एका प्रश्नात शास्त्र आहे.

हेच शास्त्र सांगली जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. तासगावच्या परिसरात द्राक्षे सावलीत जाळ्यांवर वाळवून बेदाणे करतात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले बहुतेक पाणी हवेत उडून जाते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावाने तर जमिनीच्या पोटातच कोठारे केली. त्यांना पेव म्हणतात. पेवाचे तोंड अरुंद आणि आतील पोट रुंद असते. शिजवून खडखडीत वाळविलेली हळद त्यात भरून तोंड मातीने बंद करीत. आतील प्राणवायू हळूहळू संपे, त्यामुळे कीड जगू शकत नसे आणि हळद वर्षानुवर्षे चांगली राही. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नसे. आधी आत मोकळी हवा खेळू द्यावी लागे.

परंतु 2005 साली कृष्णेला महापूर आला आणि तिचे पाणी कितीतरी पेवांत शिरले. वर्षानुवर्षे टिकणारी हळद पाण्याने नासली. त्यानंतर पेवांचा वापर फार कमी झाला आणि हळद गोदामांत ठेवली जाऊ लागली. घरातील बरणीला जो नियम, तोच गावाच्या कोठारालाही!

वाळविलेली भाजी ताज्या भाजीची पूर्ण बरोबरी करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाने काही जीवनसत्त्वे, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्व, कमी होते. म्हणून ताजी मिळेल तोवर ताजीच भाजी खावी. सारी भाजी वाळवावीच लागते, असेही नाही. पक्का तांबडा भोपळा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो. त्याची साल हीच त्याची बरणी. मात्र काढताना देठ मोडता कामा नये, नाहीतर तेथूनच तो सडू लागतो.

आता अखेरची साठवण, आणि सर्वांत महत्त्वाची : बियाण्याची. मांडवावरचा सर्वांत सुरेख दुधी पाहून कोणाचेही मन मोहते. पण जाणती गृहिणी त्याला चिंधी बांधते आणि घरात सांगून ठेवते, “ह्याला हात लावू नका.” तो दुधी वेलावरच जून होऊन वाळतो. त्याचे बी सावलीत सुकवून, राखेत घोळून मडक्यात ठेवतात. राखेमुळे कीड दूर राहते. चांगले फळ खाऊन टाकावे आणि उरलेसुरले बियाण्याला ठेवावे, असे केले तर दरवर्षी वेल निकस होत जातो.

1972 च्या दुष्काळात ह्या भागातील कित्येक विहिरी आटल्या. अशा वेळी मडक्यातले मूठभर बी पोटात न घालता जपून ठेवावयास मोठा निग्रह लागतो. कारण पाऊस परतला, तरी बी नसेल तर वाफा रिकामाच राहतो. तुमच्या परसात एखाद्या फळाला चिंधी बांधलेली दिसली, तर ते तोडू नका. ते पुढच्या वर्षाचे आहे.

स्वाध्याय

1. सारे वाफे एकाच दिवशी का पेरू नयेत?
2. ‘बागेत पाणी द्यावयाचे आणि साठ्यातून पाणी काढावयाचे’ ह्या वाक्याचा अर्थ सांगा.
3. पेवात हळद का टिकत असे? 2005 साली ती का नासली?
4. तुमच्या घरी कोणकोणती वाळवणे करतात? त्यांपैकी एकाची कृती घरातील वडील मंडळींना विचारून लिहा.