फट आणि खिडकी

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण काटकसरीच्या उपदेशात नेहमी ऐकतो. परंतु ज्या तळ्याच्या बांधाला बारीकशी चीर पडली आहे, ते तळे थेंबाथेंबानेच रितेही होते, ही तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. घराचेही तसेच आहे. दाराखिडक्यांच्या चौकटींभोवती ज्या बारीक फटी राहतात, त्यांतून घरातील ऊब किंवा गारवा नकळत निघून जातो. या फटी कशा शोधाव्यात, कशा बुजवाव्यात आणि बुजविताना कोणते भान राखावे, याचा विचार, विद्यार्थी मित्रहो, या लेखात करावयाचा आहे.

आपल्या गोमंतकात थंडी बेताची; त्यामुळे फटीतून येणाऱ्या वाऱ्याचे आपणांस विशेष काही वाटत नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकांचे आप्त आज इंग्लंड, कॅनडा अशा थंड देशांत वास्तव्यास आहेत. तेथे हिवाळ्यात घर तापवावेच लागते आणि त्याचा खर्च लहानसहान नसतो. थोडे गणित करून पाहू. २ मीटर उंच व ९० सेंटीमीटर रुंद अशा दाराची परिमिती ५८० सेंटीमीटर भरते. त्याच्या चारी बाजूंस केवळ ३ मिलिमीटर फट असली, तर तिचे क्षेत्रफळ १७४ चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे भिंतीला सुमारे १३ सेंटीमीटर लांबरुंद भोक पाडल्यासारखेच झाले! असे भोक भिंतीत दिसते, तर घरधन्याने त्याच दिवशी गवंड्याला बोलाविले असते. तेच दाराभोवती वाटले गेले, की कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता उष्णतेचा हिशेब. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवा एका अंशाने तापविण्यास सुमारे एक किलोज्यूल उष्णता लागते. २५० घनमीटर हवा मावेल असे एक घर घ्या. बाहेर ० अंश आणि आत २० अंश सेल्सियस तापमान आहे, व फटींमुळे घरातील सर्व हवा तासातून एकदा बदलते, असे धरा. दर तासाला ३०० किलोग्रॅम थंड हवा २० अंशांनी तापविण्यास ६,००० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. विजेच्या भाषेत ही सुमारे १.७ युनिटे, म्हणजे दिवसाकाठी ४० युनिटे झाली. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हापासून थंड देशांतील लोक या फटींकडे अधिक बारकाईने पाहू लागले, यात नवल नाही.

हवा फटीतून वाहते ती दोन कारणांनी. एक तर बाहेरचा वारा घराच्या एका अंगास दाब देतो व दुसऱ्या अंगाची हवा ओढून घेतो. दुसरे असे, की उबदार हवा हलकी असल्याने वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यास खालून थंड हवा आत शिरते. म्हणून केवळ उंबरठ्याची फट बुजवून भागत नाही. माळ्याकडेही पाहावे लागते. फट शोधण्याचा उपाय अगदी सोपा आहे. वाऱ्याच्या दिवशी सर्व दारेखिडक्या लावून, पंखे बंद करून, पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवावी. जेथे धुराची सरळ रेघ वाकेल वा थरथरेल, तेथे फट आहे असे समजावे. मात्र पडद्यांपासून उदबत्ती दूर ठेवावी.

पूर्वी अशा फटींत चिंध्या, काथ्या किंवा लांबी भरीत. आता पॉलियुरेथेनचा फेस वापरतात. हा पदार्थ १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. डब्यात दाबून भरलेले द्रव्य तोटीतून बाहेर पडताच फुगते आणि हवेतील ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होते. त्यात असंख्य बारीक पोकळ्या तयार होऊन वायू कोंडला जातो. कोंडलेला, न हालणारा वायू उष्णतेचा मंदवाहक असतो. आपल्या आजीच्या गोधडीची ऊब जिच्यामुळे असते, तीही थराथरांत अडकलेली हवाच होय.

परंतु कोणती फट कशाने बुजवावी, याचा विवेक हवा. भिंत व चौकट यांमधील फट स्थिर असते. तेथे फेस योग्य. चौकट व दाराची फळी यांमधील सांधा रोज हालतो. तेथे फेस घातल्यास दारच चिकटून बसेल. तेथे रबराची किंवा नमद्याची पट्टीच लावावी. फेस फुगतो, म्हणून फट काठोकाठ भरू नये. फार फुगणारा फेस चौकटीलाही बाक आणतो. यास्तव दाराखिडक्यांसाठी कमी फुगणारा फेस निराळा मिळतो. सुकल्यावर जादा भाग सुरीने कापून वर गिलावा किंवा रंग द्यावा, कारण उन्हाने तो पिवळा पडून भुरभुरतो. हे काम वडीलधाऱ्यांनीच, हातमोजे व चष्मा घालून, खेळत्या हवेत करावे. डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून जवळ चूल, दिवा, विडी काहीही पेटते नसावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या खोलीत काही जळते, त्या खोलीची हवेची वाट कधीही बुजवू नये. हवा अपुरी पडली, की कोळसा किंवा गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. तो माणसास सावध होण्याची संधीच देत नाही. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसे, किंवा गॅसवर पाणी तापविणाऱ्या यंत्राच्या बंद न्हाणीघरात गेलेली मुले दगावल्याच्या वार्ता आपण वाचतो. थंडीचा वारा अडविताना प्राणवायूची वाट अडविली, तर काटकसर प्राणावर बेतते.

जाणत्या लोकांनी यावर मार्ग काढला आहे. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ साली अत्यंत कमी इंधनात उबदार राहणारी घरे लोकवस्तीसाठी तयार झाली. त्यांच्या फटी काटेकोरपणे बुजविलेल्या आहेत. परंतु ताजी हवा यंत्राने सतत आत घेतली जाते, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेस दिली जाते. हवा येते, पण ती मनमानीने नव्हे. आपण नेमून दिलेल्या वाटेने.

आपल्या पूर्वजांनीही हवेची वाट नेमूनच ठेवली होती. उंच छपरे, कौलांच्या सांध्यांतून खेळणारा वारा, शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा मंद उजेड, हे जुन्या गोमंतकीय घरांचे दोष नव्हेत. दमट हवेवरील ते उपाय आहेत. अशा घराच्या फटी बुजविणे शहाणपणाचे नाही. मात्र जेथे वातानुकूलन यंत्र बसविले आहे, त्या खोलीत ते चालू असताना फट महागात पडते. त्या यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतील बाष्पच होय. फटीतून दमट हवा जितकी अधिक येईल, तितके ते पिळून काढण्याचे श्रम यंत्रास अधिक पडतात व वीजही अधिक लागते.

मित्रहो, आपल्या वर्गाच्या दाराची परिमिती व फटीची रुंदी मोजा आणि भोक किती मोठे भरते, ते वहीत मांडा. मग घरी जाऊन स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचे झरोके उघडे आहेत की नाहीत, तेही पाहून या. पहिल्या उत्तराने फार तर पैसा वाचेल. दुसऱ्याने एखाद्याचा जीव वाचू शकेल.