सायलेन्सरच्या टोकावरील बारीक ओरखडे

प्रश्न : पवना खोऱ्यातील रस्त्यांवर फिरणाऱ्या मोटारीच्या सायलेन्सरच्या स्टेनलेस स्टीलच्या टोकावर बारीक ओरखडे उमटले आहेत. ते कसे काढावेत? (एक वाचक, बेडसे, ता. मावळ)

उत्तर : मावळचा खडक बेसाल्टचा असून त्याच्या धुळीत फेल्डस्पार या कठीण खनिजाचे कण असतात, त्यामुळे वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने पुसणे हेच बहुधा ओरखड्यांचे मूळ ठरते. टोक पूर्ण थंड झाल्यावर आधी भरपूर पाण्याने धुवावे. ते खरोखर स्टेनलेस स्टीलचे आहे की क्रोमचा मुलामा दिलेले, याची खात्री करणे अत्यावश्यक आहे, कारण मुलामा अतिशय पातळ असून घासल्यास कायमचा जातो. चुंबकाची कसोटी येथे निर्णायक नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात.

नखाला न लागणारे ओरखडे धातूच्या पॉलिशनेच निघतात. नखाला लागणाऱ्यांसाठी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, 800, 1200 आणि 2000 क्रमांकांच्या चढत्या क्रमाने वापरावा आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीच्या रेषा पुसल्या गेल्या की नाही हे दिसते. शेवटी मऊ सुती कापडाने पॉलिश करावे. मात्र पृष्ठभाग मुळातच रेघांच्या पोताचा असल्यास त्या रेघांच्या दिशेनेच घासावे.

साध्या लोखंडी तारेची घासणी कटाक्षाने टाळावी, कारण तिचे कण पृष्ठभागात रुतून मावळच्या पावसात गंजतात.