प्रगतिपुस्तक आणि जीवनाची परीक्षा

शालेय प्रगतिपुस्तक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. विषय, मिळालेले गुण, हजेरी, वर्तणूक, वर्गातील क्रमांक आणि शेवटी वर्गशिक्षकांचा शेरा, असे त्याचे रकाने. घरात सर्वांत आधी पाहिला जातो तो क्रमांक. पण कोण कोणाच्या पुढे, एवढेच क्रमांक सांगतो. कोणाला मुळात काय लाभले होते आणि त्याने त्याचे काय केले, हे तो सांगत नाही. चांगले जगणे म्हणजे काय, याचा ख्रिस्ती विचार या राहून गेलेल्या प्रश्नापासून सुरू होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायात, येशूचा एक दृष्टान्त आहे. परदेशी निघालेला धनी आपले द्रव्य तीन चाकरांवर सोपवतो. एकाला पाच टॅलंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. टॅलंट हे मुळात वजनाचे माप. एक टॅलंट चांदी म्हणजे त्या काळच्या मजुराची सुमारे २० वर्षांची मजुरी. अंगच्या गुणांना इंग्रजीत टॅलंट म्हणतात, तो अर्थ याच दृष्टान्तावरून रूढ झाला. धनी परततो तेव्हा पहिल्याने पाचाचे दहा केलेले असतात, दुसऱ्याने दोनाचे चार. आपल्या शाळेत यांचे पहिला व दुसरा असे क्रमांक लागले असते. धनी मात्र दोघांनाही एकाच शब्दांत शाबासकी देतो. त्याने पाहिली ती निष्ठा, बेरीज नव्हे.

तिसरा चाकर अनुत्तीर्ण ठरतो, पण कमी मिळाले म्हणून नव्हे. एक टॅलंटही थोडे नव्हते. धन्याच्या भीतीने त्याने ते जमिनीत पुरून ठेवले, हा त्याचा दोष. अपयशाच्या धास्तीने आवडता विषय सोडणाऱ्या विद्यार्थ्याने या चाकराकडे जरूर पाहावे.

याच अध्यायाच्या शेवटी अंतिम न्यायाचे वर्णन येते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, हे तेथले विषय. नवल असे की, उत्तीर्ण झालेल्यांनाच आपली परीक्षा केव्हा झाली हे ठाऊक नसते. शाळेच्या परीक्षेचे वेळापत्रक आधी लागते. या परीक्षेचे लागत नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्वत्तेचे याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या काळी कोणत्या स्त्रीला मिळणार? परंतु रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व विधवांना त्या घेऊन आल्या. केडगावची ‘मुक्ती’ त्यांचे घर झाली. आपली भाषाविद्या त्यांनी पुरून ठेवली नाही. मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी ती खर्ची घातली. १९२२ साली त्या निवर्तल्या.

याचा अर्थ गुणांची उपेक्षा करावी असा नाही. शिक्षणासाठी परीक्षा हवीच. पण प्रगतिपुस्तक एका वर्षाचे असते आणि ठरावीक विषयांचे असते. त्यातील क्रमांकाने कोणी हुरळू नये, कोणी खचूही नये. आपल्या वाट्याला आलेल्या टॅलंटचे आपण काय करीत आहो, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने निकालाची वाट न पाहता स्वतःला विचारावा.