आधी पासबुक काढ, मग बोल

सोन्या, तुझी आई सांगत होती, वसुलीचा फोन आल्यापासून दोन दिवस तू नीट जेवला नाहीस. कर्ज कुठलं, फोन कुणाचा, विचारलं तर नुसता मान खाली घालून बसलास म्हणे. अरे, आत्याला एक फोन करायचा होतास. असल्या फोनाला मी स्वतः फसलेली आहे.

चार वर्षं झाली. कापूस नुकताच विकला होता. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या बचत गटाच्या कर्जाचा हप्ता थकलाय, सहाच्या आत भरला नाही तर सगळ्या गटाचं नाव खराब होईल." माझं नाव, गटाचं नाव, आमचं गाव वडीगोद्री, सगळं तिला ठाऊक. मी घाईघाईनं फाट्यावर जाऊन ४३०० रुपये पाठवले. घरी येऊन पासबुक उघडलं, तर तो हप्ता आठ दिवसांपूर्वीच भरलेला! पासबुक कपाटात होतं, फोनपासून सात पावलांवर. मी तेवढी सात पावलं चालले नाही. तू चालावंस म्हणून हे लिहून देते.

१. फोन आला की आधी पासबुक आणि पेन काढ, मग बोल — हातात कागद असला की आवाज कापत नाही.

२. "तुमचं नाव, कंपनीचं नाव आणि माझा कर्ज खाते क्रमांक सांगा, लिहून घेतो," एवढंच म्हण — खऱ्या माणसाकडे हे समोर लिहिलेलं असतं, खोटा इथेच चिडतो.

३. आपला आधार क्रमांक, जन्मतारीख, खाते क्रमांक आपण होऊन सांगू नकोस. त्यानं तुझं नाव-गाव बरोबर सांगितलं म्हणून तो खरा ठरत नाही — आपल्या आधारच्या झेरॉक्स आपणच दहा ठिकाणी दिलेल्या असतात.

४. "मी शाखेत येऊन बोलतो," म्हण आणि फोन ठेव — कर्जाला दार असतं, भीतीला नुसता आवाज. शाखेचा नंबर पासबुकावरून किंवा कर्जाच्या कागदावरून घे, गूगलवर शोधू नकोस — भामटे तिथं बँकेच्या नावानं आपलेच नंबर टाकून ठेवतात.

५. घड्याळ बघ. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय, की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. बचत गटातल्या बायका घेतात त्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच वेळ आहे. रात्री दहाला ओरडणारा एकतर खोटा, नाहीतर नियम मोडणारा — दोघांनाही उत्तर एकच, सकाळी शाखेत.

६. दारात कुणी आलं तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र माग. वसुली दुसऱ्या एजन्सीकडे दिली असेल, तर तिचं नाव बँकेनं आधी तुला कळवायचं असतं — न कळवता उगवलेल्याला पाणी विचार, पैसे देऊ नकोस.

७. पैसे कुणाच्या नावावर जाताहेत ते वाच. सप्टेंबर २०२२ पासूनच्या नियमानुसार ॲपवरच्या कर्जाची परतफेडसुद्धा थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हायला हवी — एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय दिसला की तिथंच थांब.

८. "आजच, आत्ताच, सहाच्या आत" ऐकलंस की पाणी पी आणि बस. घाईचा पाहुणा ताटासकट जातो — खऱ्या बँकेला तुझा उद्याचा दिवस चालतो.

९. अटकेच्या धमकीला भिऊ नकोस. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही तर खटला होऊ शकतो हे खरं, पण त्याची आधी लेखी नोटीस येते — फोनवर पैसे घेऊन वॉरंट मागे घेणारा पोलीस नसतो.

१०. व्हॉट्सॲपवर आलेली "नोटीस" उघडू नकोस, कुणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकू नकोस — असल्या फायलीतून, ॲपमधून तुझा अख्खा मोबाइल भामट्याच्या हातात जातो. "जास्त भरलेले पैसे परत देतो, पिन टाका" म्हणाला तर लक्षात ठेव, पैसे यायला पिन लागत नाही.

११. "तुझ्या वडिलांचं कर्ज बाकी आहे," असं कुणी म्हणालं तर सातबारा काढ. जमिनीवर पीक कर्ज असलं की बहुतेक वेळा इतर हक्कांत बोजा दिसतो. शिवाय कर्जदार गेला तर वारसाची जबाबदारी त्याच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच असते — गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणसाला घाबरवणं सोपं जातं, म्हणून ते हे नाव घेतात.

१२. मित्रानं कर्ज घेतलं आणि तुझा नंबर दिला, एवढ्यानं तू जामीनदार होत नाहीस — जामीनदार सहीनं होतो, मोबाइलमध्ये नाव असल्यानं नाही.

१३. वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट काढ. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक फुकट मिळतो — आपल्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढलं असेल तर तिथं दिसतं.

आता जे मला खरं बोलायचंय ते. ॲपवरून पाच हजार घेतले असशील तर मला राग नाही. असली ॲपं मोबाइलमधले सगळे नंबर आणि फोटो मागतात, आणि मग त्यांचा वसुलीवाला म्हणतो, "तुझा फोटो बदलून सगळ्या पाहुण्यांना पाठवतो." कर्ज देणाऱ्या ॲपनं नंबरांची यादी आणि फोटो बघायचेच नाहीत, असा नियम आहे. कुठलं ॲप कुठल्या संस्थेचं, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून बघता येतं. पण धमकी आलीच, तर तिची ताकद एकाच गोष्टीत असते, तू गप्प राहशील यात. लाजेपायी एकदा पैसे दिलेस की उद्या जास्त मागतील. तू आधीच आईला सांगितलंस, मामाला सांगितलंस, दोन मित्रांना सांगितलंस, की "माझ्या नावानं घाण फोटो येतील, ते खोटे आहेत", तर त्याच्या हातात काय उरलं? या भीतीनं जिवाला मुकलेली माणसं आहेत, सोन्या. लोकांची तोंडं चार दिवस चालतात, मग त्यांना त्यांची कामं असतात. रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर मला उठव. माझा फोन लागला नाही तर टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ लाव, तिथं मराठीत बोलता येतं.

१४. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लाव, मग बँकेला कळव — पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतो. मी तीन दिवस रडत बसले आणि चौथ्या दिवशी तक्रार केली, तोवर तो निघून गेला होता.

१५. नंबर, तारीख, मेसेज, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, काही पुसू नकोस. रागानं सगळं डिलीट करावंसं वाटतं — पण गोंदीच्या ठाण्यात किंवा जालन्याच्या सायबर पोलिसांकडे तेच लागतं.

१६. आणि कर्ज खरंच थकलं असेल, तर "फसवा फोन" म्हणून टाळू नकोस. शाखेत जा, पाऊस कसा झाला, उसाचं बिल कधी येणार, सगळं सांग आणि हप्ते वाढवून माग — समोर बसलेल्या माणसाशी तडजोड होते. खरा वसुलीवालाच त्रास देत असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर १४४४८.

१७. कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला घेतल्याशिवाय शाखेची पायरी उतरू नकोस, आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का तेही बघ — फिटलेल्या कर्जाच्या नावानंही फोन येतात.

दिवाळीला आलास की सगळे कागद घेऊन ये. माझ्याकडे निळी फाइल रिकामी आहे, तुझ्या ट्रॅक्टरच्या कर्जापासून सुरुवात करू. तोवर जेवत जा, आणि त्या माणसाचा पुन्हा फोन आला तर वेळ लिहून ठेव.