ऋण आणि मुदत

प्रस्तावना

उसने घेणे आणि उसने देणे ही संसारातील नित्याची गोष्ट आहे. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली जाते, भावाकडून हातउसने पैसे घेतले जातात, सोसायटीतून पीककर्ज काढले जाते, तर अडीनडीला एखादा दागिनाही गहाण पडतो. या व्यवहारांत पैसे देणाऱ्यास धनको आणि घेणाऱ्यास ऋणको म्हणतात. घेतलेले परत करावे, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु देणे जुने झाले आणि ते वसूल करण्याची कायद्याने ठरवलेली मुदत संपत आली, तर ऋणकोने काय करावे? गप्प राहावे की देणे फेडावे? या प्रश्नाची कायद्याची आणि नीतीची अशा दोन्ही बाजू या पाठात मांडल्या आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• कर्जवसुलीच्या मुदतीचा अर्थ सांगणे;
• मुदत पुन्हा केव्हा सुरू होते, हे स्पष्ट करणे;
• जुने देणे फेडण्याविषयी कारणांसह मत मांडणे.

मूळ पाठ

१. मुदत कशासाठी?

काळ लोटला की पुरावा झिजतो. साक्षीदार निवर्ततात, कागद गहाळ होतात, आठवण पुसट होते. अशा वेळी वीस वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा न्याय करणे न्यायालयास कठीण जाते. शिवाय आयुष्यभर दाव्याची टांगती तलवार डोक्यावर असणे कोणासही जाचकच ठरेल. म्हणून हक्क बजावू इच्छिणाऱ्याने तो वेळेत बजावला पाहिजे, असे कायदा सांगतो.

भारतात यासाठी मुदत अधिनियम, १९६३ हा कायदा आहे. तो १ जानेवारी १९६४ पासून अमलात आला. त्यानुसार उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. परतफेडीचा दिवस ठरलेला नसेल, तर पैसे दिल्यापासून ही मुदत मोजतात. पहिला दिवस हिशेबात धरत नाहीत. म्हणजे १० जून २०२२ रोजी दिलेल्या पैशांची मुदत १० जून २०२५ रोजी संपते. अखेरच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. स्थावर मालमत्ता गहाण ठेवून दिलेल्या कर्जासाठी मात्र बारा वर्षांची मुदत आहे.

मुदतीनंतर आलेला दावा न्यायालयास फेटाळावाच लागतो. मुदत संपल्याची तक्रार ऋणकोने केली नाही, तरीही हा नियम लागू होतो.

२. इतिहासातील एक धडा

मुदतीच्या कायद्याचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. इंग्रज सरकारने १८५९ मध्ये केलेल्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सावकारांनी मात्र दर तीन वर्षांनी कुळाकडून नवा रोखा लिहून घेण्यास आरंभ केला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या रोख्याचे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. निरक्षर कुळ अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे, हे त्यास कळत नसे.

या आणि अशा इतर कारणांनी साचलेला असंतोष १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उफाळून आला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हे उठाव दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात. त्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला नियमही त्याच्या अज्ञानामुळे त्याच्यावरच कसा उलटतो, हे या घटनेतून दिसते. कागद वाचता येणे आणि वाचल्यावाचून सही न करणे, हे ऋणकोचे पहिले संरक्षण होय.

३. मुदत संपते, देणे संपते काय?

मुदत संपल्यावर देणेच नाहीसे होते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. न्यायालयामार्फत वसुली करण्याचा मार्ग बंद होतो. देणे मात्र उरतेच. म्हणून मुदतीनंतर ऋणकोने आपखुशीने पैसे दिले, तर ‘मुदत संपली होती’ या कारणावरून ते परत मागता येत नाहीत.

मुदत पुन्हा कशी सुरू होते, हेही समजून घेतले पाहिजे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. मुदतीच्या आत काही रक्कम फेडली आणि त्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीने झाली, तरीही तेच घडते. मुदत संपून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार, मुदतबाह्य देणे फेडण्याचे सहीनिशी लेखी वचन दिले, तरच ते बंधनकारक ठरते.

४. एक प्रसंग

इंदूरमधील एका शिंप्याने शिलाई यंत्रांसाठी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडून साठ हजार रुपये घेतले होते. चिठ्ठीवर तारीख आणि सही होती. व्याज ठरलेले नव्हते. पुढे त्याने वीस हजार रुपये हातोहात परत केले. त्याबाबत त्याने काही लिहून दिले नाही आणि पावतीही घेतली नाही. नंतर धंदा मंदावला. बाईंनी कधी तगादा लावला नाही. मुदत संपण्यास दोन महिने उरले असता शिंप्याचा मेहुणा म्हणाला, “दोन महिने गप्प राहा. मग दावा केला तरी टिकणार नाही.”

मेहुण्याचे म्हणणे कायद्याला धरून होते आणि शिंप्याची अडचणही खोटी नव्हती. दुकानाचे भाडे, मुलांच्या शाळेची फी आणि आईचे औषधपाणी यांतून महिन्याकाठी फारसे उरत नव्हते. कबुली लिहून दिली, तर आणखी तीन वर्षे बांधून घेणे भाग होते.

तथापि दुसरी बाजूही विचारात घेण्याजोगी होती. घेतलेली रक्कम खरी होती आणि त्यातूनच दुकान उभे राहिले होते. बाईंनी मुदतीच्या आत दावा केला नाही, तो आळसामुळे नव्हे. शेजाऱ्यावर विश्वास होता म्हणून. त्यांच्या भलेपणामुळे सरलेला काळ त्यांच्याच विरुद्ध वापरायचा काय, असा प्रश्न शिंप्यापुढे होता.

अखेरीस शिंप्याने हिशेब मांडला. बाकी चाळीस हजार. दरमहा दोन हजार दिल्यास वीस महिने. नव्या तीन वर्षांत हे देणे सहज बसत होते. मात्र आणखी एक यंत्र घेण्याचा बेत त्याला पुढे ढकलावा लागणार होता. तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, “बाई, बाकी लिहून देतो. आधी दिलेले वीस हजारही कागदावर येऊ द्या.” बाईंनी आपली वही उघडली. वीस हजारांची नोंद तारखेसह तेथे होती. दोघांनी कागदावर सह्या केल्या आणि एकेक प्रत ठेवली.

या कागदाने बाईंचा हक्क राखला गेला. शिंप्यालाही लाभ झाला : फेडलेल्या रकमेचा पुरावा त्याच्या हाती आला.

५. सर्वच देणी सारखी नसतात

प्रत्येक जुन्या देण्यास हाच न्याय लावता येणार नाही. मुद्दलाच्या कितीतरी पट व्याज आधीच वसूल झाले असेल, आकडाच खोटा असेल किंवा सही धाकदपटशाने घेतलेली असेल, तर मुदतीचा नियम ही ऋणकोची ढाल आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. पूर्वजांच्या कर्जाचेही तसेच आहे. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे, हे धर्मशास्त्राने कर्तव्य मानले होते. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीनुसार, त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ त्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलाकडून वसुली करता येत नाही. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती असते.

म्हणून निर्णयापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : रक्कम खरोखर मिळाली होती काय? आजवर किती फेडली गेली? न फेडल्यास तोटा कोणाला सोसावा लागेल? कायद्याविषयी शंका असल्यास तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात विचारणा करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणारे यांना तेथे मोफत साहाय्य मिळू शकते.

कायदा मागणाऱ्याचा काळ मोजतो; देणाऱ्याने काय करावे, हे मात्र त्याच्या विवेकावर सोडतो.

शब्दार्थ

हातउसने – थोड्या काळासाठी, बहुधा बिनव्याजी घेतलेले पैसे
कुळ – सावकाराकडून कर्ज घेणारा शेतकरी
रोखा – कर्जाचा लेखी दस्तऐवज
तगादा – पुनःपुन्हा केलेली मागणी
मुदतबाह्य – मुदत उलटून गेलेले

पाठगत प्रश्न

१. मुदतीनंतर आलेल्या दाव्याचे न्यायालय काय करते?
२. सावकारांनी १८५९ च्या कायद्याचा हेतू कसा विफल केला?
३. शिंप्याने परत केलेल्या वीस हजारांमुळे नवी मुदत का सुरू झाली नाही?

स्वाध्याय

१. मेहुण्याचा सल्ला तुम्हांला योग्य वाटतो का? आठ ते दहा ओळींत सकारण लिहा.
२. धनको बाईंऐवजी भरमसाट व्याज घेणारा सावकार असता, तर तुमचे मत बदलले असते का? चर्चा करा.
३. उसन्या घेतलेल्या रकमेपैकी काही भाग फेडल्याची पावती तयार करा. तीत तारीख, फेडलेली रक्कम, बाकी आणि दोघांच्या सह्या यांसाठी जागा ठेवा.