हवामानाची चाहूल आणि सायकलस्वाराची सुरक्षितता

तंजावूर हे नाव मराठी माणसाच्या मनात प्रथम जागे होते ते भोसले राजघराण्यामुळे. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२), त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख ही त्या नगरीची आपल्याला असलेली ओळख. या वैभवाच्या पायथ्याशी एक साधे, रोजचे तंजावूर मात्र सायकलवरून फिरत असते. राजवाड्याभोवतीचे चार राजरस्ते व त्यांना जोडणारे अरुंद बोळ पालख्या, रथ आणि पादचारी यांच्यासाठी आखले गेले होते. आज त्याच रस्त्यांवर बस, रिक्षा आणि मोटारसायकली यांच्या गर्दीतून फुलवाले, दूधवाले, पहारेकरी, गवंडी आणि शाळकरी मुले सायकलने वाट काढतात.

तमिळनाडू शासनाने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावीतील मुलींसाठी मोफत सायकलींची योजना सुरू केली. पुढे २००५ पासून शासकीय व अनुदानित शाळांतील अकरावीच्या सर्वच विद्यार्थ्यांना तिचा लाभ मिळू लागला. शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात तर १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि प्रथमच स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या वाटेने घराबाहेर पडल्या. या भागात सायकल हे शिक्षणाचे व स्वावलंबनाचे साधन आहे. म्हणूनच तिच्या सुरक्षिततेचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

मोटारीत बसलेल्या माणसाला हवामान काचेपलीकडे दिसते. सायकलस्वार मात्र हवामानातच असतो. एकाच दिवसात त्याला कडक ऊन, अचानक उठलेला वारा आणि सायंकाळची सर यांतून जावे लागते. या प्रत्येकाचा धोका निराळा आणि उपायही निराळा.

उन्हाचा धोका

तंजावूर विषुववृत्तापासून सुमारे पावणेअकरा अंश उत्तरेस आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अखेरीस, मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम्’ हा काळ तमिळ पंचांगात सर्वांत तापदायक मानला जातो. त्या दिवसांत पारा अनेकदा ३८ अंशांच्या पुढे जातो. कावेरीच्या खोऱ्यातील हवा दमट असल्याने घाम लवकर वाळत नाही आणि शरीराची नैसर्गिक शीतलीकरणाची क्रिया मंदावते.

येथे सायकलस्वाराची एक फसगत होते. चालत्या सायकलवर अंगाला वारा लागतो, त्यामुळे किती घाम गेला याची जाणीव होत नाही. चौकात थांबताच मात्र डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नेमकी तीच जागा वाहनांच्या गर्दीची असते. डोके दुखणे, मळमळ, पायांत पेटके येणे या पूर्वसूचना होत. त्या जाणवताच सावलीत थांबून पाणी, ताक अथवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागल्यास किंवा शुद्ध हरपत असल्यास तो उष्माघात समजून, अंग ओले करीत, रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

वाऱ्याचे गणित

‘आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो’ अशा अर्थाची एक म्हण तमिळमध्ये आहे. आडी म्हणजे साधारण मध्य-जुलै ते मध्य-ऑगस्ट. हा वारा पश्चिमेकडून येतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला तितक्याच वेगाचा वारा समोरून आला, तर सापेक्ष वेग दुप्पट आणि हवेचा विरोध चौपट होतो. दमलेला स्वार मग मान खाली घालून पेडल मारू लागतो आणि समोरचा रस्ता त्याच्या नजरेतून सुटतो.

आडवा वारा याहून फसवा. बस शेजारून जात असताना वारा क्षणभर अडतो आणि बस पुढे सरकताच एकदम आदळतो. वाऱ्याला तोंड देण्यासाठी एका बाजूला झुकलेल्या स्वाराचा तोल अशा वेळी जातो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी बसपासून एरवीपेक्षा अधिक अंतर ठेवावे, दोन्ही हात मुठींवर असावेत आणि एका हातात छत्री धरून सायकल चालविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पदर, ओढणी अथवा वेष्टीचा सोगा आवरून घेतल्याशिवाय तर निघूच नये.

पावसाचा हिशेब

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि राज्याच्या वार्षिक पावसापैकी जवळजवळ निम्मा त्यातच मिळतो. दिवस लहान होऊ लागतात त्याच महिन्यांत हा पाऊस येतो. त्यामुळे शाळा व कामे सुटण्याच्या वेळी ओला रस्ता आणि अंधार हे दोन्ही एकदमच सायकलस्वाराच्या वाट्याला येतात.

पहिल्या सरीत रस्त्यावरील धूळ आणि वाहनांचे तेल मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगवलेले पांढरे पट्टे व गटारांची लोखंडी झाकणे तर अधिकच घसरडी होतात. साध्या सायकलचे ब्रेक चाकाच्या कडेला रबर घासून चालतात. ती कडा ओली झाली की पकड बरीच कमी होते.

याचा हिशेब मांडून पाहू. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ४ मीटर अंतर कापले जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबण्यास आणखी ३ मीटर लागतात असे धरू. पावसात पकड निम्मी झाली, तर तेच अंतर ६ मीटर होते. म्हणजे ७ मीटरांऐवजी एकूण १० मीटर! परंतु वेग ताशी १० किलोमीटरवर आणला, तर त्याच ओल्या रस्त्यावर सायकल साडेपाच मीटरांच्या आतबाहेर थांबते. वेग एक तृतीयांशाने घटविला की ओला रस्ता कोरड्याहूनही सुरक्षित होऊ शकतो. याची किंमत काय? तीन किलोमीटरच्या प्रवासास १२ मिनिटांऐवजी १८ मिनिटे. या सहा मिनिटांची तरतूद घरून निघतानाच करून ठेवावी, म्हणजे वाटेत घाई करण्याची वेळ येत नाही.

पाणी साचलेल्या जागेतून सायकल नेऊ नये, कारण खाली खड्डा आहे की उघडे गटार हे दिसत नाही. कल्लणै धरणापासून निघणारा मोठा कालवा तंजावूर शहरातूनच वाहतो. अशा कालव्याच्या काठचा रस्ता पावसात व अंधारात टाळावा. विजेचा गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

वादळ ओसरल्यानंतरही धोका संपत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यम् नजीक किनाऱ्यावर आले आणि तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. अशा सकाळी लोंबकळणारी तार दिसल्यास ती निर्जीव आहे असे कधीही गृहीत धरू नये.

पहाट आणि सुगी

पाऊस सरल्यावर मार्गळी महिन्याच्या पहाटे शेतांवर धुके उतरते. याच सुमारास दूधवाले व शिकवणीला जाणारी मुले बाहेर पडतात. मागे लाल, पुढे पांढरा आणि पेडलांना पिवळा परावर्तक, तसेच चालू स्थितीतला दिवा एवढे तरी सायकलला असावेच. पुढे पोंगलच्या दिवसांत शहराबाहेरील रस्त्यांवर भात व पेंढा वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक सहज घसरते. तेथे उतरून सायकल हाताने नेणे श्रेयस्कर.

अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत इशारे देतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस ‘जोरदार’, तर ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ गणला जातो. पिवळ्या रंगाच्या दिवशी रेनकोट व दिवा सोबत घ्यावा, नारिंगी दिवशी बसने जावे आणि लाल दिवशी शक्यतो घरीच थांबावे, असा साधा नियम कुटुंबाने ठरवून ठेवावा. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप उपयुक्त आहे.

तथापि, केवळ वाईट हवेलाच भिऊन चालणार नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. शासनाच्या वार्षिक अहवालांनुसार सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेतच होतात. स्वच्छ दिवस संख्येने अधिक असतात, हे त्याचे एक कारण. पण आकाश निरभ्र असले की वेग वाढतो आणि सावधपणा सैलावतो, हेही विसरता येत नाही.

आर्थिक संरक्षण

रोजंदारीवरील माणसाला पावसात घरी थांबणे परवडत नाही, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्याच्या कुटुंबाला अपघाताच्या आर्थिक आघातापासून थोडेफार संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून बँकांमार्फत उपलब्ध आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा संपूर्ण कायम अपंगत्वासाठी २ लाख रुपये आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्यासाठी मे अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक असावी.

या योजनेच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. हाड मोडल्यास होणारा रुग्णालयाचा खर्च तीतून मिळत नाही आणि अठरा वर्षांखालील विद्यार्थी तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे रोज सायकलने शाळेत जाणारी अकरावीतील मुलगी सहसा या विम्याबाहेरच असते. तिच्यासाठी आवर्ती ठेवीत दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवणे, शक्य असल्यास कुटुंबाचा आरोग्य विमा घेणे आणि तिच्या सायकलचे ब्रेकचे रबर झिजताच बदलणे, ही पालकांची जबाबदारी ठरते. यांपैकी शेवटचा खर्च सर्वांत कमी आहे आणि तो आजच करता येण्याजोगा आहे.